अकरा बादल्यांच्या बारा

थंडीत सगळं आक्रसतं:
बोटं, फाटकाची कडी, घरातलं बोलणं.
पाणी तेवढं उलट्या खोपडीचं,
गोठताना जास्त जागा मागतं.
अकरा बादल्या ओता, बर्फ बारा बादल्यांचा होतो,
वडील सांगायचे,
आणि बारावी आली कुठून असं विचारलं
की पाइप पेटवायला घ्यायचे.

आमचं गाव नॉर्थॅम्प्टनशरच्या कडेला, खाणीच्या तोंडाशी.
शरदात दगड वर यायचे,
उशीएवढे जाड, पोटातून ओले.
लगेच त्यांच्यावर माती लोटायची,
कारण खाणीचा ओलावा एकदा उडाला
की मग नदीत बुडवून ठेवा,
दगड उकलत नाही. जन्माचा आडमुठा होतो.
तसला एक आमच्या दाराशी पायरी होऊन पडला होता.
दूधवाला डॉबनी त्याच्यावर बाटल्या ठेवायचा.
कडाक्याच्या सकाळी सायीचा खांब
चंदेरी झाकण डोक्यावर घेऊन
बाटलीबाहेर बोटभर उभा राहिलेला,
आणि निळ्या टोपीचे पक्षी त्याला टोचत बसलेले.
अशा दिवशी वडील शीळ घालायचे.
दूध नासलं म्हणून खूश होणारा माणूस
मी दुसरा पाहिला नाही.

त्या वर्षी जानेवारी कोमट निघाला.
मातीखाली दगड ताटकळत होते,
दगडांवर छपरं, छपरांवर पगार.
वडील रात्री तीनदा उठायचे,
अंगणात नाक वर करून हवा हुंगायचे
आणि ओल्या पायांनी परत यायचे.
त्यातच न्यूमोनिया झाला.

फेब्रुवारीत एका रात्री चर्चची घंटा वाजू लागली.
लग्न नव्हतं. मयत नव्हती.
वडील उठायला गेले,
आईनं त्यांच्या छातीवर हात ठेवला
आणि माझ्याकडे पाहिलं.
मी अकरा वर्षांची.

सगळा गाव कंदील घेऊन खाणीकडे धावत होता,
झोपायच्या कपड्यांवर कोट चढवून:
सुईण विनिफ्रेड, पाद्रीबुवा,
आणि वर्षभर एकमेकांशी न बोलणारे दोघे टप्पर बंधू.
माती ओढली, दगड उघडे केले,
पाणी ओतलं, पुन्हा ओतलं.
बादलीच्या कडीला माझ्या तळव्याची साल चिकटली.
मग कुणी काही सांगितलं नाही, तरी सगळे थांबलो.

आधी एकच आवाज, लांबून,
कुणी अंधारात अक्रोड फोडावा तसा.
मग दुसरा, पलीकडे.
मग सगळ्या माळावर.
थरांमधल्या केसाएवढ्या फटींतून
पाणी आपली बारावी बादली वसूल करत होतं.

"पाणी पुरलं का?" वडिलांनी विचारलं.
पुरलं, म्हटलं.
त्यांनी माझा सोललेला हात हातात घेतला
आणि सोडायचं विसरून झोपी गेले.
एप्रिलमध्ये ते हातोडी घेऊन बसले तेव्हा
एकेक दगड हलक्या टिचकीनं पानापानानं सुटला.
एका पानावर शिंपला होता.
"याला पहिल्यांदा तूच बघतेयस," म्हणाले.
इतकं लांब वाक्य मला त्यांच्याकडून क्वचित मिळालं.

आता तसं दहिवर पडत नाही.
खाणीशेजारी पांढरा कंटेनर आहे,
पूर्वी त्यातून कोळंबी यायची.
नेथन नावाचा पोरगा बटण दाबतो:
गोठव, वितळव, गोठव.
कौलं चांगली निघतात, नावं ठेवायला जागा नाही.
गुरुवारी जाऊन मी पत्र्याच्या दाराला कान लावते.
"आतलं काही ऐकू येत नाही, आजी,
मोटर किती घरघरते बघा."
थांब जरा, मी म्हणते. मोटर मधूनमधून दम खाते.

आडमुठी पायरी अजून दाराशीच आहे.
रेडिओनं कडाक्याचा इशारा दिला
की झोपण्याआधी तिच्यावर जगभर पाणी ओतते.
माहीत आहे, उपयोग नाही.
सकाळी तिथे काच तयार होते
आणि लेक ओरडते,
"आई, घसरून कंबर मोडून घेशील एक दिवस."